देव नदीपलीकडे गेले, माणसं राहिली

दर वर्षी पावसाळा संपत आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. टाकणारे बहुतेक पुण्याचे काका असतात, आणि खाली नमस्काराच्या हातांची रांग लागते. मजकूर दर वेळी तोच. पोर्तुगीजांनी गोव्यात देवळं फोडली, आपल्या पूर्वजांनी रातोरात मूर्ती उचलल्या, होडीत घालून नदीपार नेल्या, सगळं गेलं पण धर्म सोडला नाही, म्हणून आज आपण आहोत. इथपर्यंत ठीक. वाचताना अजूनही अंगावर काटा येतो, खोटं कशाला बोलू. पण शेवटी एक ओळ असते, "आणि ज्यांनी सोडला त्यांची आजची अवस्था बघा", आणि तिथे माझं गाडं अडतं. कारण ज्यांनी सोडला असं आपण म्हणतो ती माणसं मी बघितली आहेत, त्यांच्या घरी जेवलो आहे, आणि नक्की काय सुटलं आणि काय धरून ठेवलं याचा हिशोब मला तरी इतका सोपा वाटत नाही.

आमचं कुलदैवत म्हार्दोळची म्हाळसा. डोंबिवलीत हे सांगितलं की समोरचा लगेच "अच्छा, जेजुरी" म्हणतो. तर नाही, ही ती नव्हे. खंडोबाची म्हाळसा वेगळी, आमची विष्णूचं मोहिनी रूप, म्हाळसा नारायणी, तिच्या गळ्यात चक्क जानवं आहे. फोंड्याहून पणजीला जाताना आधी म्हार्दोळ लागतं आणि पुढे हाकेच्या अंतरावर मंगेशी. टुरिस्ट बस मंगेशीला थांबतात, दीनानाथ मंगेशकरांचं गाव म्हणून फोटो काढतात, जमलं तर म्हार्दोळ करतात नाहीतर तशाच निघून जातात. बरंच आहे ते. म्हार्दोळला बाहेर बायका जाईच्या कळ्यांचे गजरे घेऊन बसलेल्या असतात, केळीच्या सोपाच्या दोरीत इतके घट्ट गुंफलेले की हातात घेतला तरी कळी हलत नाही, आणि संध्याकाळी त्या फुलल्या की अख्खा सभामंडप घमघमतो.

पण ही देवी मूळ तिथली नाही. फोंडा तालुक्यातली मोठी देवळं बघत गेलात तर जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हेच ऐकायला मिळतं. म्हाळसा वेर्ण्याची. मंगेश कुठ्ठाळीचा, म्हणजे जुन्या कुशस्थळीचा. कवळ्याची शांतादुर्गा केळोशीची, रामनाथ लोटलीचा, बांदोड्याची महालक्ष्मी कोलव्याची, शिरोड्याची कामाक्षी रायची. थोडं लांब जांबावलीला दामोदर आहे, तो मडगावचा. सगळे नदीच्या किंवा सरहद्दीच्या पलीकडून आलेले. एका तालुक्यात इतके निर्वासित देव भारतात दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही.

झालं ते थोडक्यात असं. १५१० ला आल्बुकेर्कने गोवा बेट, म्हणजे तिसवाडी घेतली. शेजारचे साष्टी (गोव्यातली, मुंबईजवळची नव्हे) आणि बारदेश पोर्तुगीजांकडे गेले १५४३ ला. तोवर तिसवाडीतली देवळं पाडून झाली होती, १५४० च्या सुमारास. १५६० ला इन्क्विझिशन बसलं, धर्माच्या बाबतीत कोण चुकतंय ते शोधून शिक्षा करणारं कोर्ट, आणि मधली काही वर्षं सोडली तर ते १८१२ पर्यंत चाललं. मंगेशाची हलवाहलव त्याच १५६० ची. मग १५६७ साली राशोलच्या किल्ल्याचा कॅप्टन दियोगु रॉड्रिग्ज याने साष्टीत पद्धतशीर मोहीम काढली, गाव घेतला की देऊळ, गाव घेतला की देऊळ, अडीचशेहून जास्त देवळं त्या धामधुमीत गेली, त्यात वेर्ण्याचं म्हाळसेचं पण होतं.

मेसेजमध्ये नसलेली पहिली गोष्ट इथे आहे. मूर्ती नदीपलीकडे नेल्या म्हणजे कुणाच्या राज्यात नेल्या? फोंडा महाल, ज्याला आपण अंत्रुज म्हणतो, तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता. म्हणजे एका मुसलमान सुलतानाच्या हद्दीत आमच्या देवांना आसरा मिळाला, तिथे कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही, आणि फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो थेट १७६३ ला, तोवर त्यांची देवळं फोडायची खुमखुमी बरीच ओसरली होती. आदिलशहाला काही हिंदू देवांचा पुळका आला नव्हता, पोर्तुगीजांशी त्याचं वैर होतं हे आहेच, पण आसरा तो आसरा. काकांना हे मी एकदा लिहिलं तर त्यांनी अंगठा पाठवला आणि पुढच्या वर्षी मेसेज जसाच्या तसा.

दुसरी गोष्ट जमिनीची. ही मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण श्रद्धा म्हटलं की आपण लगेच हृदय, अश्रू, समर्पण असं काहीतरी मनात आणतो आणि सातबारा विसरतो. गोव्यातली गावं गावकारीवर चालायची, पोर्तुगीजांनी तिला कोमुनिदाद म्हटलं. गावची जमीन गावकार घराण्यांची सामाईक, खाजन शेतीचे, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेतांचे, बांध सगळ्यांनी मिळून राखायचे, उत्पन्नातला वाटा घराण्याला. हा वाटा त्या मातीशी बांधलेला. गाव सोडला की तो गेला. आणि गावात राहायचं तर हळूहळू एकेक फास आवळत आणलेला, बाहेर सण करायचे नाहीत, भट ठेवायचे नाहीत, पोरकं मूल असेल तर ते चर्चच्या ताब्यात, शेंडी ठेवायची तर तिच्यावर कर. मग घराघरात जे झालं ते गोव्यात कुणालाही विचारा, सांगतील. दोन भाऊ. एक देवाबरोबर गेला, एक जमिनीबरोबर राहिला आणि पाण्याखाली डोकं धरून, म्हणजे बाप्तिस्मा घेऊन, आला. काही घरांत हे भांडून झालं आणि काही घरांत, असं म्हातारी माणसं सांगतात, अगदी ठरवून झालं, तू देव सांभाळ, मी घर सांभाळतो.

आता सांगा, यात निष्ठावान कोण? जो गेला त्याच्याकडे देव होता, भट होते, पलीकडे उघडपणे दिवा लावायची सोय होती. जो राहिला त्याच्याकडे काय होतं?

त्याच्याकडे होतं इन्क्विझिशन. हे मला खूप उशिरा कळलं आणि शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, की त्या कोर्टाचा खरा मारा बाटलेल्यांवर होता. हिंदूंनाही त्याने सोडलं नाही, उघड पूजा केली किंवा कुणाला बाप्तिस्म्यापासून परावृत्त केलं म्हणून धरलेले आहेत, पण मुख्य अधिकार ख्रिस्ती झालेल्यांवर, की तुम्ही नाव बदललंत, आता आत खरोखर बदललात का ते आम्ही तपासणार. पोर्तुगालहून आलेले ज्यू वंशाचे ख्रिस्ती त्यात भरडले गेले आणि साष्टी-बारदेशातले शेतकरी पण. आणि ते किती बदलले होते याचा पुरावा त्या कोर्टानेच आपल्यासाठी ठेवला आहे. १७३६ साली एक मोठा जाहीरनामा निघाला, ख्रिस्ती गोवेकरांनी काय काय करायचं नाही त्याची यादी. त्यात लग्नातल्या ओव्या म्हणायच्या नाहीत. नवऱ्या मुलीला हळद-तेल लावायचं नाही. धोतर नेसायचं नाही. घराजवळ तुळस लावायची नाही, असेल ती उपटायची. आणि मला सगळ्यात थक्क करणारं कलम, भात बिनमिठाचा शिजवून मीठ वरून घ्यायचं नाही, कारण तसं हिंदू करतात.

१७३६! म्हणजे बाप्तिस्मे होऊन पावणेदोनशे वर्षं झाली होती, पाच-सात पिढ्या गेल्या होत्या, आणि अजूनही सरकारला भाताच्या मडक्यात डोकावून मीठ कधी घातलं ते बघावं लागत होतं. पणजीच्या पणजीने सांगितलं म्हणून कुठलीतरी बाई चुलीपाशी मीठ हातात घेऊन थांबत होती, का थांबते हे तिलाही धड सांगता आलं नसतं. देवाचं नाव बदललेलं, तिचं स्वतःचं नाव मारिया किंवा आना झालेलं, रविवारी ती मिसाला जाणार, गुडघे टेकणार, ते सगळं मनापासून करणार, आणि घरी येऊन भात असा रांधणार. तिला कुठल्या रकान्यात टाकायचं?

आणि गंमत अशी की ते सगळं बंद झालंच नाही. आजही गोव्यात कॅथलिक लग्नाच्या आदल्या दिवशी रोस होतो, नारळाचा रस काढून नवरा-नवरीला आंघोळ घालतात, बायका वेर्स म्हणतात. मित्राच्या बहिणीच्या रोसाला गेलो होतो, तिच्या मावशीने वाटीभर रस माझ्या पण डोक्यावर ओतला, "तूं आमचोच मरे" म्हणत. शर्ट गेला. इन्क्विझिशन गेलं, रोस आहे.

श्रद्धेपायी मरण पत्करलेल्यांची गोष्ट हवी असेल तर कुंकळ्ळीला जावं लागतं. तिथे जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइट, चार पाद्री आणि एक ब्रदर, आणि त्यांच्याबरोबरची काही माणसं गावकऱ्यांच्या हातून मारली गेली. ते चर्चसाठी जागा ठरवायला आले होते. त्यांचा प्रमुख रुदोल्फ आक्वाविवा, हा काही वर्षं फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारात राहून आलेला विद्वान माणूस. गावकऱ्यांच्या बाजूने बघायचं तर त्याआधी त्यांची देवळं जाळून झाली होती आणि आता त्याच जमिनीवर क्रूस उभा राहणार होता. मग पोर्तुगीजांनी गावच्या सोळा म्होरक्यांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलणीला म्हणून बोलावलं आणि कापून काढलं. एकाने उडी मारली आणि तो कारवारकडे निसटला असं सांगतात, बाकी सगळे गेले. त्या पाच जेझुइटांना चर्चने हुतात्मे मानलं, १८९३ ला रोमहून तशी घोषणा झाली, कुंकळ्ळीत त्यांच्या आठवणीचं चॅपल आहे. आणि त्याच गावात त्या म्होरक्यांचंही स्मारक आता उभं आहे. एकाच गावात समोरासमोरच्या बाजूंचे हुतात्मे, दोघेही आपापल्या देवासाठी गेलेले. आणि या गावातल्या बऱ्याच कॅथलिक घराण्यांना हे पक्कं माहीत आहे की आपण वंशाने त्या म्होरक्यांचे आणि धर्माने त्या पाद्र्यांचे. ते या दोन्हीला घेऊन कसे जगत असतील, मला नेहमी प्रश्न पडायचा.

तो शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या होळीत, सुटला, म्हणजे सुटला असं नाही, पण निदान ते कसे जगतात ते दिसलं. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण तेव्हा फातर्प्याला गेली आणि तिथेच राहिली. पण शिगम्याच्या दिवसांत वर्षातून एकदा ती आपल्या मूळ गावी येते. छत्रोत्सव म्हणतात. बारा वांगडांच्या, म्हणजे बारा मूळ घराण्यांच्या छत्र्या असतात, उंच काठीवर लाल छत्र्या आणि एक पांढरी, पालखीपुढे त्या नाचवत आणतात, गुलाल इतका की रस्त्याची माती, कुत्री, ट्रॅफिक पोलीस, सगळं लाल. त्या बारा वांगडांमधली घराणी हिंदू आहेत तशी कॅथलिक पण आहेत. रस्त्याकडेला एक साठीचे गृहस्थ उभे होते, पांढरा शर्ट, गळ्यात क्रूस, शर्टाचा आता गुलाबी कॅनव्हास झालेला. मी मुंबईकर पत्रकारासारखा प्रश्न विचारला की अंकल तुम्ही पण येता? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना तुम्ही तुमच्या आईच्या वाढदिवसाला जाता का विचारलंय. "बाब, आमची माय आयज घरा येता," एवढंच म्हणाले आणि छत्री जवळ आली तसे पुढे घुसले. संध्याकाळी त्यांच्या घरी सोडा प्यायला गेलो तर भिंतीवर येशूचं हृदय, त्याखाली लाल बल्ब, आणि खुंटीवर तोच शर्ट. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मिसाला जाणार होते. मला यात कुठेही दुटप्पीपणा दिसला नाही. दिसावा अशी ज्यांची इच्छा आहे ते दोन्ही बाजूंना आहेत, आणि दोन्ही बाजूंचे ते लोक मला एकाच तोंडवळ्याचे वाटतात.

अजून एक धागा आहे, तो गोव्याच्या बाहेर जातो. इन्क्विझिशनच्या जाचाला कंटाळून, दुष्काळाला कंटाळून, मराठ्यांच्या स्वाऱ्यांना कंटाळून (हो, ते पण), बरेच कोंकणी कॅथलिक कुटुंबकबिला घेऊन खाली कानडा मुलुखात गेले, मंगळूरच्या आसपास वसले. शेती केली, चर्चं बांधली. म्हणजे ही अशी माणसं की ज्यांच्या खापरपणजोबांना कदाचित दम देऊन, कदाचित जमिनीच्या भीतीने, कदाचित मनापासूनही ख्रिस्ती केलं होतं. कसंही असो. १७८४ च्या फेब्रुवारीत, ॲश वेन्सडेला, म्हणजे त्यांच्या उपासाच्या पहिल्याच दिवशी, टिपू सुलतानाच्या हुकमाने त्यांना पकडायला सुरुवात झाली. इंग्रजांना मदत केली असा वहीम होता. घाट चढवून त्यांना श्रीरंगपट्टणला नेलं, म्हातारी, पोरं, गरोदर बाया, वाटेत किती मेले याचे आकडे जो तो वेगवेगळे देतो. मंगळूरचं मिलाग्रिस चर्च तेव्हाच पाडलं गेलं. तरुण पोरांची सक्तीने सुंता करून फौजेत घातली. हे चाललं पंधरा वर्षं, मे १७९९ ला टिपू पडेपर्यंत. जे जगले त्यातले बरेच परत मंगळूरला चालत आले आणि पहिलं काम काय केलं तर चर्च पुन्हा बांधली.

हे वाचल्यावर माझी सगळी जुनी मांडणी कोलमडली. कारण आमच्या घरच्या गोष्टीत बाटलेला म्हणजे कच्चा, वाकलेला, असं न बोलता ठरलेलं होतं. आणि इथे त्याच वाकलेल्यांची नातवंड-पतवंडं, वर ज्यांना पाण्याखाली डोकं धरायला लावलं असं मी म्हटलं त्यांचीच, त्याच देवासाठी पंधरा वर्षं कैदेत राहून वाकली नाहीत. जबरदस्तीने घरात आलेला देव काही पिढ्यांत इतका आपला होतो की त्याच्यासाठी माणूस पोरंबाळं गमावतो. बरं, त्यांना छळणारा राजा ज्या धर्माचा, त्याच धर्माच्या राजाने दोनशे वर्षं आधी आमच्या म्हाळसेला जागा दिली होती. याच्यातून कुणाला झेंडा बनवायचा असेल तर त्याने बनवावा, मला कापड पुरत नाही.

मग छळात देवाला धरून राहणं म्हणजे नक्की काय? मला इतिहासातून उत्तर सापडत नाही, म्हणून मी घरी बघतो. आमच्यावर कुणी छळ केला नाही, आमची संकटं साधी, चारचौघांसारखी. बाबांच्या किडन्या गेल्या आणि शेवटची काही वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई सोबत जायची. त्या युनिटबाहेर प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची एक रांग होती, तिथे बसून ती फुलवाती वळायची. पिशवीत कापूस, मांडीवर जुना रुमाल, थोडं दूध बोटाला लावून कापसाची पाकळी चपटी करायची, मधे पीळ द्यायचा, टोक निघालं की श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायची. चार तासांत डबा भरायचा. बाकी नातेवाईक मोबाईल बघत बसलेले, कुणी रडत, कुणी इन्शुरन्सवाल्याशी भांडत, आणि ही वाती वळतेय. मी एकदा चिडून म्हटलं, अगं एखादा नवस तरी बोल देवीला, एवढं करतेस तर. तर म्हणाली, नवस नको, उगाच तिला अडचणीत कशाला टाकायचं.

हे मी कितीदा तरी घोळवलं आहे. देवीला अडचणीत! म्हणजे तिला माहीत होतं की हे बरं होणारं नाही. आणि मागितलं आणि मिळालं नाही तर मग देवीचं आणि आपलं काहीतरी बिघडेल, ते तिला बिघडवायचं नव्हतं. युनिटमधली केरळची एक सिस्टर होती, ती आईला म्हणायची, आंटी मैं भी प्रेयर करती है अंकल के लिए. आई म्हणायची, कर गं बाई, जिथून होईल तिथून होऊ दे. आणि तिला पण एक डबा वाती दिल्या, ती कुठे लावणार होती देव जाणे, पण तिने घेतल्या, पर्समध्ये ठेवल्या.

बाबा गेले. वर्ष झाल्यावर आईला म्हार्दोळला जायचं होतं, गेलो. ओटीचं सामान आणलं होतं, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. आणि आमच्याच नात्यातल्या एक बाई, नाव घेत नाही, सगळ्यांसमोर गोड आवाजात म्हणाल्या, वहिनी आता ओटी सुनेच्या हातून भरा ना, शोभत नाही. आईने एकदा बघितलं त्यांच्याकडे. मग ताट उचललं आणि स्वतःच पुढे गेली. भटजींनी काही न बोलता ओटी घेतली, नेहमीसारखं नाव-गोत्र विचारून गाऱ्हाणं घातलं, देवीच्या पुढ्यातली जाईची वेणी काढून तिच्या हातात दिली. बाहेर आल्यावर त्याच बाई म्हणाल्या, एवढं केलंत देवीचं, शेवटी काय मिळालं हो? आई म्हणाली, "मी काय बिल घेऊन गेले होते का?" आणि चहा कुठे मिळेल विचारायला लागली.

देवाशी एकनिष्ठ राहण्यात सगळ्यात जास्त अडथळा कोण आणतं असं मला कुणी विचारलं तर मी पोर्तुगीज म्हणणार नाही. ते येऊन गेले. दारात उभं राहून तुझी भक्ती चालेल का नाही हे ठरवणारी माणसं कायमची आहेत आणि ती आपल्याच घरातली, आपल्याच पंगतीतली असतात. १९२८ चं उदाहरण घ्या. साताऱ्याकडच्या मसूरहून विनायक महाराज मसूरकर गोव्यात आले आणि त्यांनी कॅथलिक गावड्यांपैकी हजारोंना शुद्धी करून हिंदू धर्मात परत घेतलं. गावडे म्हणजे गोव्याच्या मातीतली सगळ्यात जुनी माणसं, शेतं त्यांनी केली, आणि बाप्तिस्म्यानंतरही आपली गाणी, आपली लुगडं नेसायची पद्धत, आपले मांड, म्हणजे नाचगाण्याच्या पवित्र जागा, त्यांनी शेकडो वर्षं सोडले नव्हते. आमच्या मेसेजच्या भाषेत बोलायचं तर इतक्या वर्षांनी घरी परत आलेली माणसं, त्यांना खांद्यावर घ्यायला हवं होतं. झालं काय? चर्च त्यांना मुकलं आणि इकडच्यांनी त्यांना नवहिंदू गावडे अशी वेगळी जात करून ठेवली. हिंदू गावड्यांमध्येही त्यांच्याशी सोयरीक होईना. देव नदीपार नेण्याची गोष्ट अभिमानाने सांगणाऱ्या आमच्यापैकी कितीजणांनी तेव्हा त्यांना घरात घेऊन पान वाढलं? माझ्या घराण्यात तरी तशी एकही आठवण कुणी सांगत नाही, आणि आमच्याकडे आठवणींची कमी नाही.

म्हार्दोळला एक घंटा आहे तिची गोष्ट आजी नेहमी सांगायची. पूर्वी तिला लोळी, म्हणजे आतला लोलक, नसायची, एरवी वाजवायचीच नाही. कुणाला शपथेवर साक्ष द्यायची असली तरच लोळी अडकवायची आणि घंटा वाजवून बोलायचं, खोटं बोलला तर देवी शिक्षा करणार. लोकांचा इतका धाक की पोर्तुगीज सरकारसुद्धा अशी साक्ष मान्य करायचं म्हणतात. ज्यांनी वेर्ण्याला तिचं देऊळ जाळलं त्यांच्याच राज्यात तिची शपथ चालायला लागली. आजी हे सांगताना हसायची, विजयी हसायची.

आता वेर्ण्यालाही मूळ जागेवर देऊळ पुन्हा उभं राहिलं आहे, जुनं म्हार्दोळ म्हणतात तिथे, छान मोठं बांधलंय. झुआरीच्या नव्या पुलावरून कुठ्ठाळीला उतरलं की पुढे जवळच. आणि आमच्या ग्रुपवर आता नवा वाद आहे. पुण्याचे काका म्हणतात यापुढे घराण्याने वेर्ण्यालाच जायचं, तेच खरं स्थान, म्हार्दोळ म्हणजे शेवटी निर्वासित छावणी. आई म्हणते साडेचारशे वर्षं जिथे राहिली ते तिचं घर नाही का, आणि तिथल्या फुलवाल्या बायकांनी काय करायचं. काकांनी यावर पोल टाकला. देवीचा पोल! मंगेशी-कवळे-म्हार्दोळकडे पाकळ्या लावून कौल घ्यायची रीत आहे, तो घ्या म्हटलं तर तो कुठल्या देवळात घ्यायचा यावर पुन्हा भांडण. शेवटी आईने फोन करून मला सांगितलं की डिसेंबरची तिकिटं काढ, दोन्हीकडे ओटी भरायची आहे, खण दोन घे, आणि मधे एक दिवस कुंकळ्ळीच्या त्या तुझ्या अंकलकडे जाऊन येऊ, त्यांच्यासाठी इथून भाकरवडी नेली तर खातील का विचार.